नानांचं पत्र: हललेल्या फोटोंबद्दल

चाळीसगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजी रोज विचारते, "मनी नात तठे काय करस?" तिला सांगितलं, हललेले फोटो काढते आणि त्यावरून सरांशी भांडते. तिला ते एकदम पटलं.

तुझं एक वाक्य मात्र डोक्यात अडकून बसलं. कॅमेऱ्याने हुबेहूब काढायचं काम अंगावर घेतलं, म्हणून चित्रकार मोकळे झाले आणि परंपरा मोडली, असं तू लिहितेस. वर्गात असंच शिकवतात आणि ते निम्मं खरंही आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली. तिची पहिली झळ हस्तिदंतावर इवल्या तसबिरी रंगवणाऱ्यांना बसली आणि त्यांतले कितीतरी जण मुकाट्याने फोटोग्राफर झाले. पण मोने हा फ्रेंच चित्रकार आणि त्याच्या मित्रांना उन्हात नेऊन बसवलं ते एकट्या कॅमेऱ्याने नाही. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाची रंगाची नळी काढली. तोवर तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. तो घेऊन रानोमाळ कोण फिरणार? नळी आली, रेल्वे आली, माणसं बाहेर पडली. १८७४ मध्ये त्यांनी सरकारी प्रदर्शनाकडे पाठ फिरवून स्वतःचं प्रदर्शन भरवलं, ते नादारच्या जुन्या स्टुडिओत. नादार फोटोग्राफर! मोनेने रंगवलेली बंदरावरची सकाळ पाहून एका टीकाकाराने लिहिलं की याहून भिंतीला लावायचा कागद बरा.

आता आपल्या फोटोवाल्या भाऊबंदांचं बघ. चित्रकार असे उघड्यावर आलेले असताना फोटोग्राफर काय करत होते? चित्रकारांची नक्कल! रायलँडरने १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एक भलं थोरलं उपदेशपर दृश्य उभं केलं. पुढच्या वर्षी रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून मरणाला टेकलेली मुलगी आणि तिच्याभोवतीचं घर रचलं. पुढे तर काही जण डिंकाच्या प्रिंटवर ब्रश फिरवून फोटो चित्रासारखा दिसेल असं बघायचे. म्हणजे ज्या यंत्राने चित्रकारांना मोकळं केलं म्हणतेस, ते चालवणारे लोकच पन्नास-साठ वर्षं जुन्या चित्राच्या उंबऱ्यावर बसून होते. न्यूयॉर्कमध्ये फोटोग्राफर स्टिग्लिट्झही आधी त्याच वाटेने गेला. १९१७ मध्ये त्याने आपल्या त्रैमासिकाचा शेवटचा अंक पॉल स्ट्रँडच्या सरळ, धारदार फोटोंना दिला, तेव्हा कुठे कॅमेऱ्याला कॅमेरा म्हणून वागवायला लागले. मी त्यांना हसत नाही. तुझे आजोबा निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या घालवायचे आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत नवरीच्या शालूला रंग भरायचे. गिऱ्हाईक त्याचेच पैसे द्यायचं.

तुझ्या हललेल्या फोटोंवर सर म्हणाले ना, की ही चूक आहे? ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनलाही हेच ऐकावं लागलं होतं. ही बाई जन्मली कलकत्त्याची. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी लेकीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, १८६३ साली, आणि तिने जवळून चेहरे काढले, धूसर. फोटोग्राफीतले जाणते नाकं मुरडत. पण धूसर कुठवर ठेवायचं आणि कुठे थांबायचं, हे ती भिंगात बघून ठरवत होती. तुझ्या सातव्या फोटोत, बसस्टँडवरच्या त्या बाईत, मला तसं ठरवलेलं दिसतं. बाकीच्यांत फक्त शटर हळू आहे. रागावू नकोस.

आणि कॅमेरा आल्यावर चित्रकाराचं काम संपलं, हे आपल्याकडे तर साफ खोटं ठरलं. जळगावाहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात रॉबर्ट गिल हा चित्रकार १८४४ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमाने भित्तिचित्रांच्या नकला करत होता, तेलरंगात, मोठ्या कॅनव्हासवर. लंडनला पाठवलेल्या त्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मधल्या काळात गिलने कॅमेराही हातात घेतला होता. खांब, दारं, शिल्पं त्याने छान टिपली. चित्रांपाशी मात्र कॅमेरा अडला. लेण्यात आधीच अंधार, आणि त्या वेळच्या रसायन लावलेल्या ओल्या काचेच्या प्लेटला निळा उजेड लगेच कळायचा, तांबडा-पिवळा जवळजवळ नाहीच. अजिंठ्याचा जीव तर गेरू आणि पिवळ्या मातीत! प्लेटवर सगळं काळंच उतरणार. त्यात प्लेट ओली असेतो फोटो काढून धुवायची. आपल्या वैशाखात ती किती वेळ ओली राहील, तूच सांग. म्हणून १८७२ पासून मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा कुंचल्यानेच नकला करत बसले, १८८५ पर्यंत. त्यांतल्याही बऱ्याच लंडनला आगीत गेल्या. नशीब बघ. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. गाडी तिथे इतका वेळ थांबते, पण कोणाला माहीत नसतं.

उलटी गोष्ट आपल्या गावात. केकी मूस इंग्लंडला कला शिकून आले आणि स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळजवळ सगळं आयुष्य घराबाहेर न पडता राहिले. प्रेयसी रात्रीच्या गाडीने येईल म्हणून ते वाट बघत राहिले, ही गोष्ट लोक रंगवून सांगतात, टेबलावरच्या कामाबद्दल कोणी बोलत नाही, याचा मला राग येतो. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, दिवे सरकवून ते असा देखावा उभा करत की बघणाऱ्याला खरी मोकळी जागा वाटावी. दृश्य रचून फोटो काढणं सरळ फोटोवाल्यांनी टाकून दिलं, तेच मूस साहेबांनी उचललं आणि आपलं करून घेतलं. आता यात परंपरा कोणती आणि मोडणं कोणतं, हे तुझ्या सरांना विचार. मी त्याला मोडणंच म्हणेन.

संक्रांतीला आलीस की त्यांच्या घरी जाऊ, आता तिथे संग्रहालय आहे. दिवे कुठे ठेवले असतील याचा अंदाज फोटोतल्या सावलीवरून बांधायचा. बघू कोणाचा बरोबर येतो.

खर्चाचे पैसे खात्यावर टाकलेत. भरिताची वांगी बाजारात आली आहेत, तिकडे येणारं कोणी भेटलं की पाठवतो. सातव्या फोटोची मोठी प्रिंट मला हवी आहे, पण मॅट कागदावर काढ, चकचकीत नको.

तुझे
नाना