फॅट कमी म्हणजे पाणी घातलं असं नसतं

संपादकसाहेब, नमस्कार.

आमचा गोठा ठाणे जिल्ह्यात, मुरबाडकडे, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गाई. सकाळचं दूध डेअरीच्या संकलन सेंटरला जातं, संध्याकाळचं कल्याणच्या सोसायट्यांमध्ये रतीबाला. मागच्या महिन्यात सेंटरवर मशीनने फॅट, म्हणजे दुधातली स्निग्धता, ३.१ टक्के दाखवली आणि तिथल्या माणसाने चार लोकांसमोर सरळ पाणी घातलंय म्हणून सांगितलं, फार लागलं मनाला, आणि हे इकडे बऱ्याच जणांना ऐकावं लागतं म्हणून लिहितोय.

अहो गाय व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत दूध सगळ्यात जास्त देते आणि साधारण तेव्हाच फॅट सगळ्यात खाली असते, नंतर दूध कमी होत जातं तशी फॅट परत चढते. आमच्या तीन गाई पाठोपाठ व्याल्या त्यामुळे अख्ख्या कॅनचीच फॅट उतरली. डेअरीच्या टँकरमध्ये शेकडो गाईंचं दूध, काही ताज्या व्यालेल्या, काही दूध आटायला आलेल्या, म्हणून तिथे आकडा फार हलत नाही. छोट्या गोठ्याला ते कसं जमणार?

वेताचाही, म्हणजे गाय कितव्यांदा व्याली याचाही, फरक पडतो. पहिलारू कमी दूध देते, खरी भर तिसऱ्या-चौथ्या वेताला. आणि आटायला आलेल्या गाईचं दूध किंचित खारट लागतं कारण त्यात साखर कमी होऊन क्षार वाढतात, रतीबवाले लगेच फोन करतात की काय मिसळलंत? विण्याआधी दोन महिने गाय आटवावीच लागते, म्हणजे दूध काढणं थांबवावं लागतं, दराच्या ओढीने जे शेवटपर्यंत पिळतात त्यांचं पुढच्या वेताचं दूध हमखास घटतं.

पाण्याचा संशय असेल तर गोठणबिंदू तपासा ना! चांगलं दूध शून्याखाली साधारण अर्ध्या अंशावर गोठतं, पाणी घातलं की तो आकडा शून्याकडे सरकतो, फॅट कमी-जास्त असल्याने त्यात फरक पडत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की सेंटरने प्रत्येक गाईची विण्याची तारीख आणि वेत लिहून ठेवावं, कानात १२ आकडी टॅग आहेच, त्यावरून नोंद करायला कितीसा वेळ लागतो. आणि तरीही शंका आली तर गोठ्यावर येऊन समोर धार काढायला लावा, पण सॅम्पल पूर्ण धार काढून, दूध ढवळून घ्या, कारण पहिल्या धारा पातळ असतात आणि जास्त फॅट शेवटच्या धारांमध्ये उतरते.

– एक दूध उत्पादक, मुरबाड, जि. ठाणे