पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला की बाईलाच का बोल लावता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. वय 52. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली आणि परत डाग पडायला लागले, पांढरं तर आधीपासूनच अंगावरून जायचं, पण कुणी मनावर घेतलं नाही, तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सहा महिने नुसत्या गोळ्या दिल्या, आतून एकदाही तपासलं नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो हे घरात कळलं आणि सगळ्यांची नजरच फिरली. सासूबाईंनी त्यांचं ताट वेगळं केलं. रात्री जाऊबाई मला म्हणाल्या, "अगं, मला ह्यांच्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नाही गं." पोटात कालवलं माझ्या.

मग मी डॉक्टरांना विचारत गेले, वाचत गेले. हा व्हायरस इतका कॉमन आहे की बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, वर्ष-दोन वर्षांत शरीर तो आपोआप काढून टाकतं, थोड्याच बायकांच्यात तो ठाण मांडून बसतो आणि त्यातही 16 आणि 18 नंबरचे प्रकार वाईट, दहातले सात कॅन्सर त्या दोघांचेच. कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे जाऊबाईंचा व्हायरस लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला सुद्धा असेल! नवऱ्याकडून आला तरी नवऱ्याला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्याला कुणी एका शब्दाने विचारत पण नाही. आणि ताटावाटीतून तर हा पसरतच नाही.

ज्यांच्यात तो टिकतो त्यांचा धोका कशाने वाढतो, तर सिगारेट-बिडी, एचआयव्ही, वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या, लहान वयात पहिलं बाळंतपण, जास्त बाळंतपणं. जाऊबाईंचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, विशीच्या आत दोन मुलं, एकूण चार. यातलं एक तरी त्यांना विचारून झालं होतं का?

आणि सगळ्यात जीवाला लागलेली गोष्ट म्हणजे याच्या तपासणीचा मोठा अभ्यास आमच्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेला आहे. 1999 पासून टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी खेड्यापाड्यातल्या 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाच्या वर बायकांवर अभ्यास केला, 2009 साली तो छापून आला, ज्या बायकांची एचपीव्ही टेस्ट फक्त एकदा झाली होती त्यांच्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या टेस्टने! जगभर त्याचा दाखला देतात आणि आमच्या गावात आजही कुणाला ही टेस्ट माहीत नाही.

जाऊबाईंची शेकणी (रेडिएशन) संपलीय, आता जेवण जातंय. त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीला एचपीव्हीची लस द्यायचं म्हटलं तर घरात सुरू झालंय, एवढ्या लहान पोरीला ही लस कशाला. अहो संबंध यायच्या आधी दिली तरच तिचा पूर्ण उपयोग, म्हणून तर 9 ते 14 वयात देतात, आणि आता ती पुण्यात सुद्धा बनते. एवढं तरी ठळक छापा. आमच्याकडे पेपर रोज सकाळी भाऊजीच मोठ्याने वाचून दाखवतात.

आपली,
एक वाचक, जि. धाराशिव