ज्युनियर वकिलांच्या स्टायपेंडचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

लॉ फर्म्स हल्ली समान संधी, महिला सक्षमीकरण असं बरंच बोलतात, चांगलंच आहे, पण सुरुवात ज्युनियरच्या खिशापासून करा ना. वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेनं, बार काउन्सिल ऑफ इंडियानं, ऑक्टोबर २०२४ मधे परिपत्रक काढलं की ज्युनियरला स्टायपेंड, म्हणजे दरमहाचं मानधन, शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, पण ती नुसती शिफारस, सक्ती नाही.

माझी मुलगी पुण्यात एका ऑफिसात दोन वर्षं होती, दिवसभर शिवाजीनगर कोर्टात तारखा घ्यायच्या, रात्री दहापर्यंत ड्राफ्टिंग, आणि हातात किती तर ६ हजार, त्यातच पेट्रोल, त्यातच झेरॉक्स. तिच्याबरोबरच्या दोघी शेवटी वकिली सोडून बँकेच्या परीक्षेला लागल्या, हुशार पोरी होत्या हो! ज्याच्या घरचंच ऑफिस आहे तो टिकतो. बायकांना वकिलीची दारं १९२३ च्या कायद्यानं उघडली, नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींनी त्याआधी किती वर्षं झगडा दिला, आणि शंभर वर्षांनी मुली पैशापायी परत फिरतायत, याचं फार वाईट वाटतं.

फर्म्सनी स्टायपेंडचा आकडा जाहिरातीतच छापावा, आणि दर महिन्याला तो बँकेत जमा करावा, ही विनंती.

– एक पालक, पुणे