मन्या, ठ सापडला

पुणे, रविवार, रात्रीचा दीड

मन्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. गणपतीत तुझा तो अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला आणि आता दिवाळी तोंडावर आलीये. ऐकला होता रे, दोनदा ऐकला, नीट सावकाश उत्तर लिहू म्हणून ठेवला आणि माझं सावकाश म्हणजे काय ते तुला माहितीये. तब्येती ठीक. दादांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझी पाठ आहे तशीच आहे, बाकी ओके.

लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. आत्ता अर्ध्या तासापूर्वी एक गोष्ट झाली आणि ती या घरात कुणाला सांगून उपयोग नाही. अनूला हलवून उठवलं, म्हणलं ठ सापडला. ती म्हणाली "बरं", आणि कूस बदलली. मग एकच माणूस उरला.

दादांची ती विहिरींची वही. तू गावाला आलेलास तेव्हा त्यांनी तुला रात्री साडेअकरापर्यंत वाचून दाखवली होती आणि तू जांभया गिळत हं हं करत होतास, तीच. आता ती पूर्ण झालीये. 41 विहिरी, 212 पानं, कोणी खणली, पाणी कधी लागलं, कोण कोण बुडालं, सगळं. त्यांना दिवाळीला पन्नास प्रती छापून वाटायच्यात. अनू म्हणाली कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडे दे, आठवड्यात होईल. मी म्हणलं छे, मी करतो टाइप. आणि मी करतो म्हणजे अर्थातच व्हिममधे करतो, त्या सगळं बटणांनीच चालणाऱ्या जुन्या एडिटरमधे, कारण मला दुसऱ्या कशात लिहिता येत नाही आणि हा रोग तू लावलायस.

पहिला शनिवार गेला तो कीबोर्डचा लेआउट बदलण्यात. सिस्टिमलाच मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे तो सरकारी मराठी कीबोर्ड, लावला. टाइप झकास होतंय, एस्केप दाबलं, नॉर्मल मोडला आलो, जिथे अक्षरं उमटत नाहीत, बटणं म्हणजे हुकूम, खाली जायला जे दाबलं आणि व्हिम नुसतं टुंग करतंय. अरे कारण ते जे नाहीच, र आहे! एच-जे-के-एल, कर्सर हलवायची बटणं, म्हणजे इनस्क्रिप्टमधे प-र-क-त. परकत. सेव्ह करून बाहेर पडायला कोलन-डब्ल्यू-क्यू मारलं की व्हिमला ऐकू जातं "छैौ". दर वाक्याला लेआउट इकडून तिकडे. दोन पानात हात आखडला.

मग लँगमॅप. त्याला सांगायचं की प आला तर एच समज, र आला तर जे समज. अक्षरं बसली पण मात्रा काही बसेनात. डब्ल्यूच्या जागी ै आहे, ती बिचारी एकटी कुठे उभी राहणार, यादीतल्या मागच्या स्वल्पविरामाच्या डोक्यावर जाऊन बसली. सोडलं ते.

खरं उत्तर किमॅप आहे आणि ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं याची लाज वाटली. सिस्टिम इंग्रजीच ठेवायची. व्हिमच्या फोल्डरमधे किमॅप नावाच्या फोल्डरात आपली एक फाईल टाकायची, वर लोडकीमॅप लिहायचं आणि खाली ओळीला एक जोडी, के मग क, जे मग र, एल मग त. फक्त इन्सर्ट मोडमधे, म्हणजे टाइप करताना, मराठी उमटतं, एस्केप दाबलं की नॉर्मल मोड आपला जुना इंग्रजी. कंट्रोल आणि 6 दाबलं की चालू-बंद. आणि मजा बघ, एफ दाबून मग के दाबलं तर पुढच्या क वर उडी मारतं, म्हणजे अक्षर शोधणाऱ्या एफला आणि अक्षर बदलणाऱ्या आरला पण मराठी कळतं. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो, इतका खूश झालो. डेलकंबाइन पण लावलं, त्याने पुसायला एक्स मारलं की "की" मधली आधी फक्त वेलांटी जाते, क राहतो. नाहीतर दोन्ही एकदम गायब. टर्मिनलमधे जोडाक्षरं अजून अंग चोरून बसतात, पण चालतंय.

आता ऐक, आणि हे मी एकदाच बोलणार. जे-जे का जे-के, त्या भांडणात तू बरोबर होतास.

तुला आठवतंय ना, एस्केपला बोट लांब जातं म्हणून त्याच्याऐवजी तू जे-जे लावलंस आणि मी जे-के, आणि मेसमधे तू सम्यासमोर म्हणालास की जे-के लावणारी माणसं सँडल घालून पळतात. मी इतकी वर्षं जे-के वर ठाम राहिलो, का तर तुला बरोबर म्हणायचं नव्हतं, दुसरं काही कारण नाही. आता मराठीत जे म्हणजे र आणि के म्हणजे क. र आणि क लागोपाठ. फरक. हरकत. बारका. नरक. "सरकारी विहीर" लिहायला गेलो, स उमटला, मग जे-के झालं, इन्सर्ट मोडमधून बाहेर, पुढचा काना, म्हणजे ई, शब्दाच्या टोकाला, पुढचा र, म्हणजे जे, एक ओळ खाली, आणि उरलेली विहीर कुठल्या ओळीत काय तोडफोड करत गेली देव जाणे. यू दाबत दाबत मागे आलो. दोन र लागोपाठ मराठीत येतात कुठे? फारच कमी. आता माझ्या पण फाईलीत जे-जे आहे. सम्याला सांगू नकोस.

तर हे सगळं झालं आणि मी पहिलं पान घेतलं. दादांचं पहिलंच वाक्य, "मोठी विहीर मठाच्या पाठीमागे, काठाला दगडी कठडा." स्क्रीनवर काय आलं सांगू? (कोट दोन-दोन येत होते, मी एकेकच लिहितो.) मो"ी विहीर म"ाच्या पा"ीमागे, का"ाला दगडी क"डा.

ठ नाही! बाकी सगळी मुळाक्षरं हजर, ळ आहे, ण आहे, दुसऱ्या मधला तो ऱ्य पण मस्त येतोय, आणि ठ गैरहजर. आणि विहिरींच्या वहीत ठ किती लागतो याची तुला कल्पना नाही. काठ, कठडा, पठार, मोठी, ठिकाण. आठवण लिहिलं तरी आ"वण.

आधी वाटलं फॉन्ट. कर्सर नेऊन जी-ए दाबलं, त्याने अक्षराचा नंबर कळतो, तर व्हिमने सांगितलं 34. ठ चा नंबर 2336. म्हणजे ठ दिसत नाहीये असं नाही, ठ येतच नाहीये, साधा इंग्रजी डबल कोट येतोय. हा 34 लक्षात ठेव, मी नाही ठेवला. मग संशय गेला त्या प्लगइनवर, एक कोट टाकला की दुसरा आपोआप टाकणारं. व्हर्बोज आयमॅप करून, म्हणजे कुठलं बटण कोणी अडवलंय ते विचारून, बघितलं तर खरंच ते त्या बटणावर मांडी घालून बसलेलं. काढून टाकलं. आधी दोन कोट यायचे, आता एक यायला लागला, पन्नास टक्के प्रगती. मग तुझा मंत्र, अर्धी व्हिमआरसी, म्हणजे सेटिंगची फाईल, झाकून बघ, मग त्याच्या अर्धी. काही नाही. मग म्हणलं व्हिम एकदम कोरं उघडू, क्लीन लावून, तर ई544, किमॅप फाईलच सापडत नाही. अरे कोरं उघडल्यावर ते आपल्या फोल्डरात बघणारच नाही ना! हे कळायला मला पाऊण तास लागला. तू असतास तर पाच मिनिटं लागली असती आणि पुढचे पाच महिने तू ऐकवलं असतंस.

एक शनिवार, एक रविवार, मधले चार दिवस ऑफिसवरून आल्यावर. एल-मॅप करून यादी काढली, ट आहे, ठ नाही. फाईल उघडली तर ओळ आहे! कोट, मोकळी जागा, ठ. समोर. शंभरदा वाचली असेन.

मधेच मी कीबोर्ड पालथा करून झटकला पण, त्यातून चिवडा निघाला.

आणि मन्या, इथे मला जरा भीती वाटायला लागली, ते तुला सांगायचंय. तीन आठवडे झाले, टाइप झालीत अकरा पानं. 212 मधली अकरा. दादा रोज रात्री फोन करतात, किती झालं, मी म्हणतो सेटिंग चाललंय, ते म्हणतात मशीन बिघडलंय का तुझं. ते एसटीत होते तेव्हा चार डेपोंचे हिशेब हाताने लिहायचे, त्यांना सेटिंग म्हणजे काय ते कसं सांगू. ऑपरेशन झाल्यावर काही दिवस त्यांना स्वतःलाच स्वतःची वही वाचता येत नव्हती. मी फोनवर विचारलं पान 63 वर हे काय लिहिलंय, पेन्सिलीने, पुसट झालंय, तर त्यांनी वही डोळ्याजवळ नेली, लांब नेली, आणि म्हणाले उद्या सांगतो. त्या भुताच्या विहिरीची गोष्ट त्यांनी मला आता दोन वेगळ्या प्रकारे सांगितलीये, एकदा सून बुडाली, एकदा बैल. कुठली छापायची? हे विचारत बसायला हवं होतं मी त्यांच्याशेजारी, पाटावर, वही मधे ठेवून. आणि मी इथे रात्री दीडला जी-ए दाबतोय. मला माहितीये मी काय करतोय. तुझ्या बाबांच्या वेळी तू हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधे टर्मिनलमधल्या टीमक्सचे रंग जुळवत बसलेलास, तेव्हा मी तुला काहीतरी लागेल असं बोललो होतो. ते बोलायला नको होतं. एवढंच.

असो. सापडला कसा ते ऐक.

कंटाळून फाईल ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकली, म्हणलं जेवताना बघू. तिथे माझी व्हिमआरसी नाही, व्हिम जसं येतं तसं. उघडली आणि आख्ख्या फाईलीत दोन ओळी निळ्या. एक सगळ्यात वरची, मीच लिहिलेली टीप, की हा मराठी इनस्क्रिप्ट आहे. आणि दुसरी ठ ची.

कॉमेंट रे! व्हिमच्या फाईलीत डबल कोटने ओळ सुरू झाली की ती कॉमेंट. आणि इनस्क्रिप्टमधे ठ बसतो नेमका शिफ्ट धरून त्याच बटणावर. मी लिहिलं कोट मग ठ, व्हिमने वाचलं "हे काहीतरी स्वतःशी बडबडतोय, सोडा". आठवडाभर माझा ठ त्या फाईलीत टीप म्हणून पडून होता. इलाज काय, तर कोट थेट लिहायचा नाही, टोकेरी कंसात कॅर, मग आडवी रेघ, मग 34. तोच 34, जो जी-ए ने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

आणि घरच्या मशीनवर हे मला का दिसलं नाही? व्हिमआरसी, ओळ 14. सिंटॅक्स ऑफ, म्हणजे रंग बंद. कोणी लिहिली? थर्ड इयर, लॅबमधला कोपऱ्यातला पीसी, तू. "ज्याला कोड वाचता येत नाही त्याला रंग लागतात." मी रंग चालू केले म्हणून माझ्याशी चार दिवस बोलला नाहीस आणि पाचव्या दिवशी माझ्या अकाउंटवर बसून परत बंद केलेस! त्या ओळीसकट मी तीन नोकऱ्या केल्या. आणि परवा तू इमॅक्सचा, त्या व्हिमच्या जुन्या वैरी एडिटरचा, स्क्रीनशॉट टाकलायस, कंसाच्या प्रत्येक जोडीला वेगळा रंग, नुसती रंगपंचमी. इमॅक्स ते इमॅक्स, आत परत एव्हिल लावून व्हिमचीच बटणं. घर सोडलं पण आईच्या हातचंच जेवतोस. आणि शिकवत कोण होता, तर कंट्रोल-एस दाबून टर्मिनल गोठलं म्हणून ज्याने सबमिशनच्या रात्री पीसीचं पॉवर बटण दाबलं तो. ते सोडवणारं कंट्रोल-क्यू तुला मी दाखवलं, हे पण लिहून ठेव.

बरं, तुझं. नोकरी सोडायची असेल तर सोड, पण व्हिसाचं काय ते आधी बघ. आईंना तिथली थंडी मानवत नसेल तर जानेवारीपर्यंत इकडे पाठव, अनू म्हणते आमची मागची खोली रिकामी आहे. इराचं डच ऐकलं, मस्त बोलते, मला काही कळलं नाही. घराच्या हप्त्याचं फोनवर बोलू, ते लिहून समजणार नाही.

आणि एक, तू आता व्हिम लिहिणाऱ्या ब्रॅम मोलेनारांच्या देशात राहतोस. व्हिम उघडलं की येतं ना, युगांडातल्या मुलांना मदत करा. पहिल्या पगारातून पाठवायचं ठरलेलं आपलं, दोघांनी मिळून. 2023 च्या ऑगस्टमधे ते गेले तेव्हा तू रात्री नुसतं "ब्रॅम" एवढंच लिहून पाठवलंस आणि मी पण नुसता हात जोडलेला पाठवला. पैसे राहिलेच. यावेळी पाठवू, तू तिथून पाठव, मी तुला इथून देतो, आणि मागच्यासारखं विसरलो तर आठवण कर. आठवण. बघ, आला ठ.

उद्या पहाटेच्या गाडीने गावाला जातोय, लॅपटॉप घेऊन, आठवडाभर सुट्टी टाकलीये. पान 63 पासून सुरू करणार.

तुझी 14 वी ओळ मात्र पुसली नाही हां. तिच्यापुढे फक्त एक ठ दाबलाय, इंग्रजीत.

तुझा,
पक्या