टाचेखालची उशी आणि थांबलेली लीग

लष्कर, ग्वाल्हेर
९ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतोय हे ऐकून फार बरं वाटलं. पण वाकवण्याच्या नादात पाय पुरता सरळ होतोय ना, तेही रोज पाहा. आई, रात्री त्यांनी कितीही मागितली तरी गुडघ्याखाली उशी देऊ नकोस. द्यायचीच तर टाचेखाली दे. गुडघा जरासा वाकलेला ठेवला की झोप छान लागते, आणि तिथेच तो आखडतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. फोनवर हे जमलं नसतं, बाबा दोन वाक्यं बोलून फोन दादाकडे देतात. तुम्ही पुण्याला गेल्यावर घर सांभाळायला म्हणून मी आले, असं तुम्हाला सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. ऑगस्टपासून आमच्या फुटबॉल क्लबने पगार थांबवले आहेत. खेळाडूंचे, आम्हा ट्रेनर-फिजिओंचे, खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणाऱ्या किटमनचे, सगळ्यांचेच. तुमचं ऑपरेशन तोंडावर होतं म्हणून बोलले नाही. चार महिने साठवलेल्या पैशांवर चाललं आहे, उधार कुणाचं घेतलेलं नाही. तरी तुमच्यापासून लपवलं हे मला सारखं टोचत होतं.

पेपरात याचे तुकडे तुकडे येतात, म्हणून सलग सांगते. २०१० साली आपल्या फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना एका कंपनीला दिले. त्यातूनच २०१४ साली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, उभी राहिली. तो करार काल, ८ डिसेंबरला संपला. पुढचा करार ठरेना, म्हणून जुलैतच हंगाम स्थगित झाला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, मग टेंडर निघालं, आणि नोव्हेंबरात कळलं की एकही बोली आलेली नाही. बाबा, देशातली सगळ्यात मोठी लीग, आणि ती चालवायला कुणी पुढे आलं नाही! त्या रात्री मी जेवले नाही.

रविवारी गोव्यात सुपर कपची, आपल्या क्लबांच्या बाद स्पर्धेची, फायनल झाली. एफसी गोवा पेनल्टीवर जिंकली. मोबाईलवर बघताना मला सारखं वाटत होतं, उद्या सकाळी उठून ही मुलं कुठल्या सामन्याची तयारी करणार? नावाजलेले खेळाडू एखादं वर्ष काढतील. पण बाविशीतली मुलं, ज्यांनी पहिल्या कराराच्या भरवशावर गावात घर बांधायला काढलं, त्यांचे हप्ते कुणासाठी थांबत नाहीत. आणि आमचे किटमन काका! प्रत्येक खेळाडूला मोज्यांची घडी कशी लागते हे त्यांना पाठ आहे. सामन्याच्या दिवशी ते पहाटे चारला उठतात. सध्या ते भाच्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसतात. फोन केला की आधी विचारतात, "ताई, कुणाची हॅमस्ट्रिंग कशी आहे?" फिफाचा नियम आहे, दोन महिन्यांचा पगार थकला तर १५ दिवसांची नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. पण मोडून जायचं कुठे, लीगच बंद असताना? आणि किटमनसाठी तर तेवढाही नियम नाही.

मैदानावर याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच. ऑक्टोबरात सिंगापूरने आपल्याला गोव्यात २-१ हरवलं आणि आशियाई कपची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाने १-० हरवलं, तेही बावीस वर्षांनी. लोकांनी पोरांना नावं ठेवली. प्रशिक्षकांची, निवडीची चूक असेलही, मी सगळं एकाच खुंटीला टांगत नाही. पण जिममध्ये कितीही घाम गाळा, सत्तराव्या मिनिटाला वळून पुन्हा धावायची ताकद सामने खेळूनच येते. ती मी कुणाला यंत्रावर देऊ शकत नाही. माझ्या कामातली हीच एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते.

बाबा, तुम्ही म्हणालात, "काका रेल्वेकडून खेळले, आजही पेन्शन घेतात. तू सरळ शाळेत पी.टी. टीचर हो." तुमचं म्हणणं मी खूप दिवस मनात घोळवलं. काकांच्या काळी खेळ सुटला तरी खुर्ची राहायची. बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या यांचे संघ होते. मग महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला, पुढच्याच वर्षी जेसीटीचा. त्यांच्या जागी क्लब आले, चांगला पगार आला, टीव्ही आला, पण हंगाम संपल्यावर खेळाडूच्या पाठीशी कोण, हे कुणीच ठरवलं नाही. तुम्ही सध्या आहात त्या पुण्याचंच घ्या. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे आयएसएलआधीच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरी आली, आणि दोन वर्षांनी मिटली. भारत एफसी एकच हंगाम खेळली. डीएसके शिवाजीयन्सही गेली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली आणि तिची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल जिंकली! पुढे तिथेही पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, आणि यंदा तो संघ दिल्लीला हलला. दादाला एकदा बालेवाडीवरून गाडी न्यायला सांगा. त्या स्टेडियममध्ये भगव्या-जांभळ्या झेंड्यांखाली ओरडणारी पोरं आज कुठल्या संघाला आपलं म्हणत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणजे तुमची काळजी बरोबर आहे. पण त्यावर खेळच सोडायचा, हे मला पटत नाही. आपल्या मध्य प्रदेशातलंच शहडोलजवळचं विचारपूर, ज्याला मिनी ब्राझील म्हणतात, तिथे पोरं पिढ्यानपिढ्या खेळतात. खेळणारे आहेतच. त्यांना धरून ठेवणारं काही नाही.

गेल्या वर्षीचा तो बचावफळीत खेळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तुम्हाला आठवतो का, दिवाळीत आपल्याकडे चिवडा खाऊन गेला तो? फेब्रुवारीत त्याचं एसीएल, गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, तुटलं. शस्त्रक्रिया क्लबने केली. पण अशा गुडघ्याला निदान नऊ महिने लागतात, आणि त्याचा करार मे महिन्यात संपत होता. जूनपासूनचे व्यायाम त्याने मला व्हिडिओ कॉलवर दाखवत घरच्या पायऱ्यांवर केले. बाबांच्या गुडघ्याचे अंश विचारताना मला दर वेळी तोच आठवतो. बाबांना तुम्ही सगळे आहात. त्याच्यासाठी ती मोजणी कराराबरोबर संपली. तिकडे युरोपात वेगळी अडचण आहे, सामन्यांवर सामने. गेल्या वर्षी मँचेस्टर सिटीचा रोड्री म्हणाला होता की खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत, आणि काही दिवसांतच त्याचाही गुडघा गेला. तिथे अति खेळून मोडतात, इथे न खेळता गंजतात.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मला तुमचं मत हवं आहे. समोरच्या वाड्यातले भाऊ, दाल बाजारात मुनीम आहेत ते, त्यांची मुलगी पंधरा वर्षांची झाली. छत्री मैदानावर मी सकाळी अकरा मुली घेते, त्यांत ती आहे. डावा पाय असा आहे की चेंडू तिचं ऐकतो. बाहेरच्या एका अकादमीचा माणूस येऊन गेला. दोन वर्षांची फी आधी मागतो, दहावीची मूळ मार्कशीट त्यांच्याकडे ठेवायची म्हणतो, आणि वर जन्मतारीख 'ठीक करून' देतो म्हणाला. मी भाऊंना म्हटलं, मनगटाच्या एक्स-रेत हाडाचं वय दिसतं, आणि पकडली गेली तर बंदी त्या माणसावर येणार नाही, पोरीवर येईल.

भाऊंचा प्रश्न सरळ आहे. इथल्या कंपू भागातल्या हॉकी अकादमीतल्या मुली पुढे रेल्वेत लागतात, मग हिला हॉकीत का घालू नये? आणि वहिनी आतून विचारतात, लग्न झालं, मूल झालं की मग? मी त्यांना सारा ब्यॉर्कची गोष्ट सांगितली. आइसलँडची खेळाडू, फ्रान्सच्या ल्योंकडे होती. गरोदरपणात क्लबने पुरता पगार दिला नाही, तेव्हा ती फिफाकडे गेली आणि जिंकली. २०२१ पासून फिफाने गरोदरपणातल्या पगाराचे आणि किमान १४ आठवड्यांच्या प्रसूती रजेचे नियम घालून दिले आहेत, ते तिच्या कामी आले. वहिनी ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पण ते वाचून दाखवणारं कुणी हवं ना आपल्याकडे." आई, या चार महिन्यांत मला कुणी इतकं नेमकं बोललं नाही.

या जुलैत थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आपल्या मुली आशियाई कपला पात्र ठरल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून भारताने हे पहिल्यांदाच केलं. त्या दिवशी इथे मैदानावर पोरींनी मला उचललं होतं. तो फोटो मी आईला पाठवला होता, पण का नाचत होते ते सांगायचं राहून गेलं.

तर माझं असं ठरत आलं आहे. ती मुलगी फुटबॉलच खेळेल, पण त्या अकादमीत जाणार नाही. बारावीपर्यंत इथेच, माझ्याकडे. रोज वीस मिनिटं फिफाचा ११ प्लस, म्हणजे दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्मअप, कारण मुलींचे एसीएल मुलांपेक्षा जास्त तुटतात. २०२३ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन आणि बेथ मीड दोघी त्यापायीच मुकल्या. राज्य निवडचाचणीला मी स्वतः घेऊन जाईन. पुढे कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो कागद मी आणि भाऊ एकत्र बसून वाचू.

आणि माझं म्हणाल, तर लीग सुरू झाली की क्लब बोलावेल. मी जाईन, पण थकलेले पगार कधी देणार हे लेखी घेऊन. माझ्याबरोबर किटमन काकांचंही नाव त्या कागदावर हवं, असं मी कालच व्यवस्थापकांना कळवलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. नाहीच म्हणाले तर मी ग्वाल्हेरात राहीन आणि शाळेचा अर्ज भरेन, तेव्हा बाबा, तुमच्या जुन्या हेडमास्तरांना एक फोन कराल ना?

भाऊ शुक्रवारी संध्याकाळी येतील. त्याआधी तुम्ही दोघांनी मला फोन करा, आणि या वेळी फोन दादाकडे देऊ नका. आई, मावशी शनिवारी पुण्याला निघत्ये, तिच्याबरोबर बाड्यावरची दोन किलो गजक देते आहे. बाबांना रोज एकच वडी. चालताना काठी उजव्या हातात धरतात ना, ते बघ. ऑपरेशन डाव्या पायाचं आहे.

तुमची,
धाकटी