दोन कंपन्यांची ग्राफिक कार्डे एका संगणकात नांदवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

लॅमिंग्टन रोडवरच्या आपल्या दुकानात रोज इतकी गिऱ्हाइके येतात की मी आपल्या लक्षात असेन असे नाही. परंतु आपल्या सल्ल्यामुळे डोंबिवलीतील आमच्या छोट्या ॲनिमेशन स्टुडिओचे काम मार्गी लागले, आणि आपण जे समजावून सांगितले ते इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे आभाराचे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आमच्याकडे एएमडीचे रेडिऑन आरएक्स 6600 होते आणि एनव्हिडियाचे 12 जीबीचे आरटीएक्स 3060 नव्याने घ्यायचे होते. जिथे विचारावे तिथे एकच उत्तर मिळे: दोन कंपन्यांची कार्डे एकत्र चालत नाहीत, जुने विकून टाका. आपण मात्र आधी विचारलेत, "दोघांकडून काम कोणते करून घ्यायचे आहे?" सारे उत्तर या प्रश्नात होते, आणि तो आम्हाला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

हा समज का रुजला, हेही आपण उलगडून सांगितलेत. 2004 मध्ये आलेले एनव्हिडियाचे एसएलआय आणि त्यापाठोपाठचे एटीआयचे (म्हणजे पुढच्या एएमडीचे) क्रॉसफायर या दोन कार्डे जोडून एकच चित्र काढवून घेण्याच्या पद्धती आपापल्याच कंपनीच्या कार्डांपुरत्या होत्या. विंडोज व्हिस्टामध्ये तर दोन कंपन्यांचे आधुनिक डिस्प्ले ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) शेजारीशेजारी चालतच नसत. ती अडचण विंडोज 7 ने दूर केली. 2010 च्या सुमारास वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांत काम वाटून देणारी ल्युसिड कंपनीची हायड्रा चिप बसवलेला एमएसआयचा मदरबोर्ड आला, पण तो फार टिकला नाही. पुढे विंडोजवरचे खेळ ज्याच्या आधारे ग्राफिक कार्ड वापरतात त्या डायरेक्टएक्सच्या 12 व्या आवृत्तीने मिश्र कार्डांना दार उघडून दिले; तरी काम वाटून देण्याचा सगळा भार खेळ लिहिणाऱ्यांवर पडल्यामुळे 'ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या खेळासारखी मोजकीच उदाहरणे झाली. म्हणजे एकाच खेळाचे चित्र दोघांनी मिळून काढावे ही अपेक्षा आजही बहुधा फोल ठरते, हे आपण स्पष्टपणे सांगितलेत. विक्रेत्याच्या तोंडून असे स्पष्ट उत्तर क्वचितच ऐकायला मिळते.

आमचे काम ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवरचे. दृश्यातून अंतिम चित्र तयार करणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) त्याच्या सायकल्स या भागात एनव्हिडियासाठीचा ऑप्टिक्स किंवा एएमडीसाठीचा हिप यांपैकी एकच पर्याय एका वेळी निवडता येतो, त्यामुळे एका फ्रेमवर दोन्ही कार्डे राबवता येत नाहीत. त्यावर आपण सुचवलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. ब्लेंडर दोनदा चालू करायचे, एकाला एनव्हिडियाचे कार्ड द्यायचे व दुसऱ्याला एएमडीचे, आउटपुटचे फोल्डर एकच ठेवायचे, 'प्लेसहोल्डर्स' चालू करायचे आणि 'ओव्हरराइट' बंद. आता फोल्डर उघडून बसले की दिसते: एका कार्डाने फ्रेम हाती घेताच त्या क्रमांकाची रिकामी फाइल उमटते आणि दुसरे कार्ड तो क्रमांक सोडून पुढचा उचलते. वेगवान कार्ड आपोआप जास्त फ्रेम करते, कोणी कोणासाठी खोळंबत नाही. दोघांच्या फ्रेममध्ये फरक जाणवू नये म्हणून चित्रातला दाणेदारपणा घालवण्यासाठी ऑप्टिक्सचा डीनॉइझर टाळून दोन्हीकडे ओपन इमेज डीनॉइज ठेवण्याची सूचनाही आपलीच. दोन कार्डांच्या मेमरीचे 12 आणि 8 मिळून 20 जीबी होत नाहीत, प्रत्येक दृश्य लहान कार्डाच्या 8 जीबीत मावले पाहिजे, हे आपण आधीच बजावले होते. त्यामुळे जड दृश्ये आम्ही सुरुवातीपासूनच एकट्या 3060 कडे सोपवतो.

जोडणीतही आपण काही राहू दिले नाही. आमच्या बी550 मदरबोर्डाचा दुसरा मोठा स्लॉट दिसायला पहिल्यासारखाच असला तरी त्याला चिपसेटकडून पीसीआयई 3.0 च्या चारच लेन (माहितीच्या वाटा), म्हणजे सेकंदाला जेमतेम 4 जीबी मिळतात. दृश्य एकदा कार्डात चढले की रेंडरला एवढे पुरते, हे सांगून आपण 3060 वर आणि 6600 खाली बसवलेत. 170 आणि 132 वॅट अशी दोघांची गरज मांडून, क्षणभर ती याहूनही वर उसळते हे लक्षात घेऊन एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) 750 वॅटचा घ्यायला लावलात, आणि दोन्ही कार्डांना वेगवेगळ्या केबली दिल्यात. एकाच केबलीच्या दोन तोंडांवर दोघांना जोडू नका, हे आपण तिथे उभ्या असलेल्या मुलालाही हाताने दाखवून सांगितलेत. वरच्या कार्डाचे पंखे कोंडू नयेत म्हणून मधली जागा मोकळी राहील असे कॅबिनेट निवडण्याइतका वेळ आपण आमच्यासाठी काढलात.

आणखी एक गोष्ट आपणास कळवायची आहे. मराठी संवादांचे कच्चे मसुदे करण्यासाठी आम्ही लामा-सीपीपी या भाषा मॉडेल आपल्याच संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर सुमारे 15 जीबीचे भाषा मॉडेल चालवतो. ते एकाही कार्डात मावत नाही, पण व्हल्कन या दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालणाऱ्या सामाईक मार्गाने त्याचे थर 3:2 या प्रमाणात दोन्ही कार्डांत वाटता येतात. इथे मात्र दोघांची मेमरी खरोखर एकमेकींच्या कामी येते, कारण एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती अगदी थोडी असते आणि खालचा अरुंद स्लॉटही आड येत नाही. आपल्याला याचे प्रात्यक्षिक पाहायला आवडेल असे वाटते. स्टुडिओत अवश्य यावे. रविवार सोडून कधीही आम्ही असतोच.

आपली कृतज्ञ,
डोंबिवलीची एक ॲनिमेटर