पेटी रिकामी होते ती चैत्रात

मा. संपादक,
स. न.

काजूला मोहोर आला की कुळागरातल्या (माडा-पोफळीच्या बागेतल्या) मधपेट्यांचे कौतुक सुरू होते. श्रावणात त्यातल्याच कित्येक पेट्या ओस पडतात आणि खापर पावसावर फुटते. पण पेटीची वाट लागलेली असते ती चैत्रातच.

आपल्याकडे पेटीत नांदते ती सातेरी माशी. उपाशी राहिली की ती घर सोडून सरळ निघून जाते. मध काढायचा तो फक्त वरच्या मधकोठीतला. खाली शिशुकोठीत, म्हणजे पिल्ले वाढतात त्या खणात, पोळ्यांच्या चौकटींच्या माथ्याशी साठवलेला मध तिच्या पावसाळ्याचा. त्याला हात लावू नये. एप्रिल संपला की मधयंत्र धुऊन ठेवावे. मे महिन्यात येईल तो मध पेटीतच राहू द्यावा. तरीही पावसात पेटी हाताला हलकी लागली तर साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक आठवड्यातून एकदा, तिन्हीसांजेला, पेटीच्या आत ठेवावा. तो बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. बाजारातला मध मात्र माश्यांना चारू नये, त्यातून रोग शिरतो.

वसंतातली दुसरी चूक म्हणजे वसाहत फुटू देणे. फुलोरा भरात असताना पेटीत दाटी होते आणि पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढी राणीघरे लोंबू लागतात. अंड्यापासून राणी बाहेर पडायला साधारण 16 दिवस लागतात, पण राणीघर आठव्या दिवसाच्या सुमारास बंद होते, आणि त्याच सुमारास जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडते. म्हणून जानेवारीअखेरपासून दर सात दिवसांनी चौकटी उचलून पाहाव्यात. नुसती राणीघरे खुडून भागत नाही; दाटी कायम राहिली तर चार दिवसांत नवी दिसतात. वेळेवर मधकोठी चढवावी. वसाहत जोमदार असेल तर ती आपणच दोन पेट्यांत विभागावी: जुनी राणी आणि माश्यांसकट निम्म्या चौकटी नव्या पेटीत, जुन्या पेटीत एकच चांगले राणीघर. बाहेर चरायला जाणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात, म्हणून नव्या पेटीत आणखी एका चौकटीवरच्या माश्या झटकाव्यात. हे काम मार्चपर्यंत उरकावे. नवी राणी मिलनाला उडते तेव्हा हवेत नर आणि वर कोरडे आकाश, दोन्ही लागतात.

चौकटीतली तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नये. चौकट आडवी धरून झटका द्यावा. थेंब उडाले तर मध कच्चा. आपल्या दमट हवेत कच्चा मध महिन्याभरात फेसाळतो, आंबतो, आणि मग लोक भेसळीचा संशय घेतात. पोळे पिळण्याऐवजी यंत्राने काढले की तेच पोळे माश्यांना परत देता येते. नवे मेण करण्यात त्यांचा मध फार खर्ची पडतो.

स्वयंपाकात मध शेवटी घालावा. नाचणीचे तिजण चुलीवरून उतरवून कोमट झाल्यावर मध घातला तर सुवास टिकतो. उकळत्या नारळरसात घातला तर त्याच्या आंबटपणाने रस फाटू शकतो. कैरीच्या पन्ह्याला एक वाटी गरास अर्धी ते पाऊण वाटी मध, मीठ आणि वेलची पुरते. मात्र गर पूर्ण गार हवा, आणि हे पन्हे फ्रिजमध्येही आठवड्याहून जास्त ठेवू नये. केकमध्ये एक वाटी साखरेच्या जागी पाऊण वाटी मध, दूध-पाणी थोडे कमी आणि आच मंद. नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये, मग आजी कितीही आग्रह करो.

काजूवाल्या शेजाऱ्यांना एक विनंती. ढेकण्या या काजूवरच्या किडीसाठीची फवारणी मोहोर उमलण्याआधी करा. उमलल्यावर करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर करा आणि आदल्या दिवशी कळवा, म्हणजे फवारणीनंतरच्या सकाळी पेटीचे दार जाळीने बंद ठेवता येते.

आणि अनुदानाच्या पेट्या वाटणाऱ्यांनी प्रशिक्षण पावसाळ्यात सभागृहात ठेवू नये. ते माघात, उघड्या पेटीपुढे व्हावे. पेटीबरोबर स्टँडच्या पायांखाली ठेवायच्या पाण्याच्या चार वाट्याही द्याव्यात. त्या नसल्या तर हुमले (तांबड्या मुंग्या) एका रात्रीत पेटी फस्त करतात.

आपला,
एक मधपाळ, सत्तरी, गोवा